बालपुस्तक पुरस्काराचे नियम: सूचना रविवारपर्यंत

सचिव, ए-१०१
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या वाचनालयातर्फे कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलांच्या पुस्तकांसाठी दरवर्षी एक पुरस्कार द्यायचं सभेत ठरलं आहे. तरतूद ५०,००० रुपये. कच्चा मसुदा असा: उत्कृष्ट पुस्तकाच्या लेखकास २१,००० रुपये व सन्मानचिन्ह, चित्रकारास शाल-श्रीफळ, कार्यक्रमखर्च १५,०००, उरलेले किरकोळ. पात्रता: लेखक कोल्हापूरचा असावा. पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. गुणांची बेरीज करून निकाल. सूचना रविवारपर्यंत इथेच द्याव्यात, गुड मॉर्निंगचे फोटो टाकू नयेत.

चित्रकला सर, सी-२०२
आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्रकाराला नारळ देऊन वाटेला लावायचं, हे काय बरं दिसत नाही साहेब.
चार-पाच वर्षांच्या मुलांचं २४ पानी पुस्तक उघडून बघा. मजकूर कधी २०० शब्द, कधी त्याहून कमी. ‘मनी पळाली’ एवढंच लिहिलेलं असतं. ती कपाटाखाली शिरली की कौलावर चढली, तिच्या तोंडात बोंबील आहे की नाही, मागे आजी लाटणं घेऊन आहे की हसत उभी आहे, हे सगळं चित्रात. म्हणजे अर्धी गोष्ट चित्रकारानं सांगितलेली असते. मग रक्कमही अर्धी हवी.

ग्रंथपाल काकू, ए-४०३
सर, हे सगळीकडेच उशिरा सुचलंय. अमेरिकेत लेखनासाठीचं न्यूबेरी पदक १९२२ मध्ये सुरू झालं, चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट १९३८ मध्ये. बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६ पासून, चित्रकारांना १९६६ पासून. आपल्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाची विभागणी साहित्यप्रकारांवर आहे: कवितेला बालकवींच्या नावाचा, कादंबरीला साने गुरुजींच्या, कथेला राजा मंगळवेढेकरांच्या. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, २४ भाषांना, ५०,००० रुपये आणि ताम्रपट, तो लेखकाला.
आपल्याला जवळचा नमुना टाटा ट्रस्टच्या ‘पराग’चा, बिग लिटल बुक अवॉर्ड. त्यात लेखकासाठी दरवर्षी एक भाषा निवडतात, चित्रकाराला भाषेची अट नाही. २०१६ ला पहिलीच भाषा मराठी होती आणि मान माधुरी पुरंदरे यांना मिळाला. दोन स्वतंत्र पुरस्कार ठेवले तर निम्मे वाद आपोआप मिटतात.

सचिव, ए-१०१
दोन पुरस्कार म्हणजे दोन पुस्तकं?

ग्रंथपाल काकू, ए-४०३
तसंच काही नाही. लेखनाचा एका पुस्तकाला आणि चित्रांचा दुसऱ्याला जाऊ शकतो. दोन्ही एकाच पुस्तकाला आले तरी चालेल. लिहिणारी आणि चित्रं काढणारी व्यक्ती एकच असेल आणि ती दोन्हीकडे पहिली आली, तर दोन्ही रकमा तिच्या. हे नियमात आधीच लिहा, नाहीतर ऐनवेळी ‘एकालाच कसं द्यायचं’ म्हणून कुणीतरी कात्री लावतं.

बी-२०३
आज पाणी ५ लाच येणार आहे, नंतर मोटर बंद. ग्रुपवर विषय चालू आहे माहीत आहे, पण मोटर महत्त्वाची.

वकील वहिनी, बी-१०२
‘लेखक कोल्हापूरचा असावा’ हे वाक्य एका तक्रारीतही टिकणार नाही. कोल्हापूरचा म्हणजे जन्मानं, राहण्यानं की शहरापुरता? असं लिहा: ‘जिल्ह्यातील १२ तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्यात जन्म, किंवा प्रवेशिकेच्या दिवशी सलग ३ वर्षे वास्तव्य.’ पुरावा म्हणून जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा रहिवासाचा कोणताही एक कागद. इथं कला शिकून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले चित्रकार जन्माच्या अटीत बसतात, बाहेरून येऊन इचलकरंजीत राहिलेली लेखिका वास्तव्याच्या अटीत बसते.
मुख्य म्हणजे अट ज्याची त्याला लावा. चंदगडचा लेखक आणि बेळगावची चित्रकार असं पुस्तक आलं तर ते लेखनाच्या पुरस्काराला पात्र, चित्रांच्या नाही. अख्खं पुस्तक बाद करू नका. प्रकाशक कुठलाही चालेल, त्याला जिल्ह्याची अट घातली तर पाच पुस्तकंही येणार नाहीत.

खजिनदार, सी-३०१
पुस्तक कोणत्या वर्षाचं धरायचं? आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावरून, कळतं ना?

ग्रंथपाल काकू, ए-४०३
नाही कळत. त्या १३ आकड्यांत वर्ष नसतं. शिवाय तेच पुस्तक पुठ्ठा बांधणीत काढलं की नवा नंबर लागतो, म्हणजे नंबर नवा असला तरी पुस्तक नवं असेलच असं नाही. शीर्षकपान उलटल्यावर श्रेयनामावलीचं पान येतं, त्यावर ‘पहिली आवृत्ती’ आणि तारीख बघायची. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, मागचं कॅलेंडर वर्ष. पुनर्मुद्रण बाद. जुन्या गोष्टींना नवी चित्रं काढली असतील तर ते चित्रांच्या पुरस्कारात घ्या, लेखनाच्या नको. लोककथा नव्यानं सांगितली असेल तर लेखनात घ्या, मात्र मूळ कथा कुठली ते प्रवेशिकेत लिहायला सांगा.
आयएसबीएन नाही म्हणून कुणाला बाद करू नका. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, पण स्वतःच पुस्तक छापणाऱ्या शिक्षकांना बऱ्याचदा माहीत नसतं.

प्रेसवाले काका, बी-३०४
आता छपाईचं बोलतो, कारण परीक्षक छपाईतले दोष चित्रकाराच्या नावावर लिहितात.
पहिलं, रंग. चित्रकार टॅबवर काढतो तेव्हा रंग आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडात असतात, छपाई सीएमवायकेत, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांत होते. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी आणि गडद निळा कागदावर मळका उतरतो. प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, न काढता थेट छापलं की चित्रकाराच्या नावानं बोंब.
दुसरं, रजिस्टर. चार शायांच्या चार प्लेटा एकमेकांवर नीट बसल्या नाहीत तर डोळ्यांच्या कडेला लाल-निळी रेघ दिसते. मजकूर चारही शाया मिसळून केलेल्या काळ्यात छापला असेल तर वेलांट्या आणि रफार दुहेरी दिसतात, मुलाला जोडाक्षर लागत नाही. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईतच हवा.
तिसरं, बाइंडिंग. जोडपानावरचा चेहरा बरोबर मधल्या घडीत आला तर नाक शिवणीत जातं. ही मात्र चित्रकाराची आणि मांडणी करणाऱ्याची जबाबदारी, तिथे गुण कापा. २४ पानांचं पुस्तक सेंटर पिनचं, म्हणजे मधल्या घडीवर तारेच्या पिना मारलेलं असावं. एवढ्या कमी पानांना परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंद लावून चिकटवणं, केलं की पाठीवर गोंद धरत नाही, वाचनालयात दहा पोरांच्या हातून गेलं की पानं सुटतात. सेंटर पिनला पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून २२ पानांची गोष्ट असेल तर दोन पानं कोरी राहतात किंवा जाहिरातीनं भरतात. तेही बघा.
यावर उपाय एकच. अंतिम यादीत आलेल्या पुस्तकांची छपाईला दिलेली पीडीएफ मागवा आणि छापील प्रतीशेजारी ठेवून बघा. दोष फाइलीतला की मशीनवरचा ते लगेच कळतं.

चित्रकला सर, सी-२०२
काकांनी लाखातली गोष्ट सांगितली. त्याला एक जोड देतो. परीक्षक बहुतेक वेळा एकेक चित्र सुटं बघतात आणि ‘छान रंगकाम’ लिहून मोकळे होतात. पुस्तकाचं चित्र तसं बघायचं नसतं. चौथ्या पानावरच्या मुलीची वेणी डावीकडे असेल तर अकराव्या पानावरही ती डावीकडेच हवी. उजेड, घराचं दार, फ्रॉकचा रंग पानोपानी जुळला पाहिजे. गोष्ट डावीकडून उजवीकडे पळते, म्हणून घाबरून पळणारं पात्र उजवीकडे तोंड करून असेल तर पान उलटावंसं वाटतं. मजकुराला जागा आधीच सोडली आहे की चित्रावर मागाहून अक्षरं चिकटवली आहेत, तेही दिसतं. आणि मजकुरात जे आहे तेवढंच काढलं असेल तर कितीही सुबक असो, मी मधले गुण देईन.

डिझाइनवाला दादा, बी-४०१
सर, एआयच्या चित्रांचं काय? आता सगळीकडे तीच येणार.

चित्रकला सर, सी-२०२
वेणीचा नियम तिथेच कामाला येतो. तशा चित्रांत पानागणिक पात्र बदलतं, बैलगाडीला जू नसतं, नऊवारीचा काष्टा कुठून सुरू होतो ते समजत नाही. पण आता बरीच सफाईही आली आहे, नुसत्या नजरेवर विसंबू नका. प्रवेशिकेत लेखी जाहीर करायला लावा. आणि फक्त अंतिम यादीतल्यांकडून तीन पानांची कच्ची रेखाटनं किंवा लेअर असलेली, म्हणजे चित्राचे थर वेगवेगळे दिसणारी, फाइल मागवा. सगळ्यांकडून सुरुवातीलाच मागितली तर निम्मे लोक भरणारच नाहीत.

वकील वहिनी, बी-१०२
चित्रकाराच्या हक्काचा मुद्दा राहिलाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा ठरू शकतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरतात. हक्क विकले तरी आपलं नाव असण्याचा अधिकार कलम ५७ मुळे निर्मात्याकडेच राहतो.
म्हणून प्रवेशिकेत दोन गोष्टी हव्यातच. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर किंवा शीर्षकपानावर छापलेलं असावं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘सजावट’ म्हणून टाकलेलं चालणार नाही. आणि आपल्या फलकावर, बातमीत चित्र वापरायला हक्क ज्याच्याकडे आहे त्याची सही. ती न घेता चित्र फ्लेक्सवर लावलं तर चांगल्या कामात उगाच नोटीस यायची.

खजिनदार, सी-३०१
गुणांची बेरीज तरी राहू द्या, सोपी आहे.

ग्रंथपाल काकू, ए-४०३
तीच तर घात करते भाऊ. हे बघा. तीन परीक्षक, तीन पुस्तकं क, ख, ग. पहिल्यानं दिले ६४, ६२, ६०. दुसऱ्यानं ६६, ६४, ६१. तिसऱ्याचा हात सैल, त्यानं दिले ६०, ७५, ९२. बेरीज क १९०, ख २०१, ग २१३. दोघांनी जे शेवटी ठेवलं तेच पहिलं आलं!
त्याऐवजी प्रत्येकानं क्रम लावायचा आणि क्रमांची बेरीज करायची. क चे १+१+३ म्हणजे ५, ख चे ६, ग चे ७. ज्याची बेरीज कमी ते पहिलं. बरोबरी झाली तर चर्चा करून ठरवायचं आणि कारण दोन ओळीत लिहायचं. प्रवेशिका जास्त आल्या तर सगळ्यांचा क्रम लावता येत नाही, म्हणून आधी प्रत्येकानं आपली सहा नावं काढावीत आणि जुळणाऱ्यांतून सहांचीच अंतिम यादी करावी.
परीक्षकांत एक लिहिणारा, एक चित्रकार, एक मुलांबरोबर रोज पुस्तक वाचणारा. ज्याच्या घरचं, विद्यार्थ्याचं किंवा प्रकाशकाचं पुस्तक स्पर्धेत आहे त्यानं त्या पुस्तकापुरतं नव्हे, त्या वर्षापुरतं बाजूला व्हावं. क्रम लावायचा तर अर्धवट बाजूला होता येत नाही. प्रती चार मागवा, तीन परीक्षकांना आणि एक वाचनालयाला. आणि ‘योग्य पुस्तक नसल्यास पुरस्कार राखून ठेवला जाईल’ हे वाक्य घाला.

डिझाइनवाला दादा, बी-४०१
आणि मुलं? पुस्तक त्यांचं, निवडणार सगळे पन्नाशीतले.

ग्रंथपाल काकू, ए-४०३
मुलांना ‘आवडलं का?’ विचारू नका. समोर काकू बसलेली असताना ती होच म्हणतात. ८-१० मुलांसमोर मोठ्यानं वाचा आणि बाजूला बसून एकानं टिपणं काढा: कुठल्या पानाला मुलं पुढं सरकली, कुठं चुळबुळ सुरू झाली, कुणी न विचारता बोट दाखवलं. पुस्तक संपवून टेबलावर ठेवा. आठवड्यात ते कोणी पुन्हा मागितलं का, हे नोंदवहीत येतंच. ४ ते ६, ७ ते १० आणि ११ ते १४ असे तीन गट करा. कादंबरीला मोठ्यानं वाचन जमत नाही, ती मोठ्या मुलांना घरी द्या आणि कितव्या पानावर सोडली तेवढंच विचारा. या नोंदी परीक्षकांना क्रम लावायच्या आधी मिळायला हव्यात.

सचिव, ए-१०१
वेळापत्रक सुचवा. २ एप्रिलला जागतिक बालपुस्तक दिन असतो, त्या दिवशी ठेवू का?

ग्रंथपाल काकू, ए-४०३
अँडरसनचा जन्मदिवस म्हणून तो पाळतात, छान आहे, पण आपल्याकडे तेव्हा परीक्षा. १४ नोव्हेंबर म्हणाल तर कधी कधी दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. २४ डिसेंबर घ्या, साने गुरुजींचा जन्मदिवस, शाळा चालू असतात. मागे मोजत या: प्रवेशिका ३१ मार्चपर्यंत, कागदांची छाननी एप्रिलमध्ये, परीक्षकांचं वाचन मे-जून, अंतिम यादी जुलैअखेर. मुलांची वाचनं ऑगस्ट-सप्टेंबर, त्यात दोन आठवडे मोकळे सोडा. पंचगंगेचं पाणी वाढलं की शाळा बंद होतात. अंतिम यादी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला जाहीर करायची आणि पुढच्या महिन्यात परीक्षकांनी क्रम लावायचे.

खजिनदार, सी-३०१
मग पैशाचं असं बसतं. लेखन १५,०००, चित्र १५,०००. परीक्षकांचं मानधन २,००० प्रमाणे ६,०००. मुलांच्या वाचनासाठी सहा पुस्तकांचे तीन संच, सरासरी १५० रुपये धरून २,७००. विजेत्या पुस्तकांच्या ५० प्रती विकत घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांना, ७,५००. सन्मानचिन्हं दोन, २,०००. झाले ४८,२००. उरले १,८००, त्यात चहा आणि फलक. कार्यक्रम आपल्याच हॉलमध्ये, शाल नाही, फेटे नाहीत, मंडप नाही. प्रवेशशुल्क घेऊ नये असं माझंही मत.

प्रेसवाले काका, बी-३०४
फेटा तरी ठेवा की राव, कोल्हापूर हाय हे. फेटे माझ्याकडून.

सचिव, ए-१०१
नोंद घेतली. सुधारित मसुदा आणि प्रवेशिका खाली जोडली आहे.

डिझाइनवाला दादा, बी-४०१
साहेब, फाइल जुन्या फॉन्टमध्ये आहे, मोबाइलवर नुसती चौकोनं दिसताहेत. युनिकोडमध्ये करून पाठवतो. ‘लेखकाची सही’च्या शेजारी ‘चित्रकाराची सही’ अशी जागा पण करतो, ती अजून नाहीये.