थेट मालकाकडून घेतलेली जुनी गाडी पुरातली निघाली, तर दाद कुणाकडे?

कंदीपेढा: काल एका महाशयांनी ज्ञान पाजळलं, “जुनी गाडी डोळे उघडे ठेवून घ्यायची, मग रडायचं नाही.” म्हणून हा धागा. मार्चमध्ये पावणेतीन लाखांना गाडी घेतली. मालक स्वतः म्हणाला, “पाणी लागलेलं नाही, आईशप्पथ.” तिसऱ्या आठवड्यात वायरिंग बोंबललं. मेकॅनिकने मॅटिंग उचललं तर खाली वाळलेला गाळ. गाडी चिपळूणची, २०२१च्या पुरातली. आणि म्हणे मला हक्क नाही!

मुद्देसूद: ते महाशय मीच. नाहीच आहे हक्क. १९३०चा मालविक्री कायदा, कलम १६ वाचा. न बोलता धरलेली दर्जाची हमी धंदा करणाऱ्याला लागू. घरची गाडी विकणारा त्यात बसत नाही, म्हणून ग्राहक आयोगातही डाळ शिजत नाही.

कंदीपेढा: कलमं पाठ करून माणुसकी येत नाही हो.

वकिलीणबाई: अर्धंच सांगताय, मुद्देसूद. विक्रेता नुसता गप्प बसला तर सहसा फसवणूक नाही. विचारल्यावर थाप मारली तर आहे; करार कायदा, कलम १७. मग “तू नीट बघायचं होतंस” ही सबबही चालत नाही. फक्त दिवाणी कोर्टात जावं लागेल. थाप लेखी आहे का, व्हॉट्सॲपवर वगैरे?

कंदीपेढा: आईशप्पथ लेखी कोण घेतं?

नाना_नगरकर: सगळे घेणाऱ्याचंच रडा. मी बाईक विकली, २९-३० नंबर फॉर्मवर सह्या करून दिल्या. पठ्ठ्याने नाव चढवलंच नाही! चार वर्षं त्याची चलनं माझ्या मोबाईलवर. ट्रिपल सीट काय, सिग्नल काय. माझं वय ६८!

मुद्देसूद: चलनाचं सोडा. अपघात झाला तर भरपाईही तुमच्या गळ्यात. नवीन कुमार खटला, सर्वोच्च न्यायालय, २०१८: आरटीओत नाव ज्याचं, मालक तो.

नाना_नगरकर: झोप उडवलीत.

वकिलीणबाई: नाना, १४ दिवसांत आरटीओला कळवायचं काम विकणाऱ्याचं असतं. कळवलंत?

नाना_नगरकर: एजंट म्हणाला, मी बघतो.

कंदीपेढा: मग तुम्हीही डोळे उघडे ठेवायचे होते! आणि धागा माझा आहे, बाईकचा वेगळा काढा.

नाना_नगरकर: लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस.

मुद्देसूद: बरं, थाप सिद्ध करून दाखवा, माझे शब्द मागे घेतो. गाळाचे फोटो तरी काढलेत ना?

कंदीपेढा: मेकॅनिकने लगेच व्हॅक्यूम मारून दिला. त्याचे तीनशे वेगळे घेतले.