साखरेतून एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, प्लास्टिकसाठीचा कच्चा माल) काढताना सगळं काळं का पडतं?

भायखळा_केमिस्ट्री: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोलीन क्लोराइड आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं डीप युटेक्टिक सॉल्व्हंट (दोन घन पदार्थ मिसळून होणारा द्रावक; १:१ मोल) बनवलंय. वेगळा कॅटॅलिस्ट नाही, सॉल्व्हंटमधलं ॲसिडच फ्रुक्टोजमधलं पाणी काढतं. ८० अंशांना आधी छान पिवळसर होतं, मग बघता बघता काळं, चिकट. साध्या साखरेचा उतारा तर त्याहून कमी. काय बदलू?

जुना_यूडीसीटीकर: आधी ॲसिडच्या बाटलीवरचं लेबल वाच. कॉलेजांत बहुधा डायहायड्रेट, म्हणजे पाण्यासकटचं असतं, रेणुभार १२६. बिनपाण्याच्या ॲसिडचा ९० धरून तोललंस तर प्रमाण बिघडतंच, शिवाय मोलमागे दोन मोल पाणी आत जातं. त्यात आपला जुलै! कोलीन क्लोराइड काट्यावर ठेवल्या ठेवल्या पाझरायला लागतं. व्हॅक्यूममध्ये सुकवून लगेच तोल. पाणी वाढलं की एचएमएफ फुटून लेव्ह्युलिनिक आणि फॉर्मिक ॲसिड होतं.

काळं जे दिसतं ते ह्युमिन. तयार झालेलं एचएमएफ त्याच ॲसिडमध्ये तापत राहतं, आपसात आणि साखरेशी जुळत जातं. घन कॅटॅलिस्ट असता तर गाळून घेतला असतास. इथे द्रावकच कॅटॅलिस्ट आहे, तेव्हा माल बाहेर काढायला हवा. वर इथाइल ॲसिटेटचा थर ठेव, एचएमएफ त्यात जातं, साखर खालीच राहते. इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, कंडेन्सर हवाच. नाहीतर जास्त तापमानाला उकळणारं एमआयबीके (मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन) घे.

भायखळा_केमिस्ट्री: आणि साधी साखर, सर?

जुना_यूडीसीटीकर: ती फुटून अर्धं ग्लुकोज होतं, आणि नुसत्या ॲसिडने ते फारसं हलत नाही. आधी त्याचं फ्रुक्टोज व्हावं लागतं. क्रोमियम क्लोराइडने होतं, २००७ पासून माहीत आहे, पण क्रोमियम घालून ग्रीन, पर्यावरणपूरक म्हणायला माझं मन धजत नाही. इन्युलिन घेऊन बघ, ती जवळजवळ सगळी फ्रुक्टोजचीच साखळी.

एचपीएलसी_ताई: २८४ नॅनोमीटरला यूव्हीवर मोजतेस का गं? काळ्या मिश्रणातलं बाकीचंही तिथे प्रकाश शोषतं, उतारा फुगून दिसतो. घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावरच मोज. सॉल्व्हंट परत वापरणार असशील तर तोही तपास. गरम असताना ऑक्झॅलिक ॲसिड कोलीनशी एस्टर करतं, मग ॲसिड कमी होत जातं. पुढे एफडीसीए (एचएमएफपासूनचं ॲसिड) आणि त्यापासूनच्या पीईएफ प्लास्टिकच्या बाटल्यांपर्यंत जायचं तर सॉल्व्हंट किती वेळा चालतो हे प्रबंधात यायलाच हवं.