दुसरी साखळी तुकड्यातुकड्यांनीच का बनते?

कातळावरची (देवगड)

नमस्कार. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. धडा मराठीतून मला समजावून सांगितला की तिच्या तो पक्का लक्षात राहतो, म्हणून रोज रात्री मी ऐकायला बसते. सध्या डीएनएची प्रत कशी बनते ते चालू आहे. दोन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, ए समोर टी, जी समोर सी. हेलिकेज त्या सोडवतं, पॉलिमरेज प्रत्येकीसमोर नवे बेस जोडत जातं. इथवर मलाही कळलं. पण एक नवी साखळी सलग बनते आणि दुसरी तुकड्यांत, आणि ते तुकडे मग लायगेज सांधतं, असं का? तर म्हणे पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं म्हणून. तिचा प्रश्न असा की मग पेशीने उलट दिशेने चालणारं दुसरं पॉलिमरेज का नाही ठेवलं?

आणि एक माझा प्रश्न. आमच्या बागेतली हापूसची कलमं सासऱ्यांनी बांधलेली. कलमातही हीच नक्कल चालते का? मग इतक्या वर्षांत ती बिघडत कशी नाही?

खाडीकाठ

दोन्ही साखळ्यांच्या दिशा उलट असतात. साखळीच्या दोन टोकांना पाच प्राइम आणि तीन प्राइम म्हणतात. एकीचं पाच प्राइम टोक असतं तिथे दुसरीचं तीन प्राइम. पॉलिमरेज फक्त तीन प्राइम टोकालाच जोडणी करतं. सीईटीला एवढं पुरे.

कातळावरची

एवढं तिला येतं हो. तिला त्याच्या पुढचं हवंय.

जीवशास्त्र_रत्नागिरी

ताई, मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी आयुष्यभर हा धडा शिकवला. आकृती बिनचूक काढणारी मुलं पुष्कळ भेटली, हा प्रश्न विचारणारी फार थोडी. परीक्षेला पुरे म्हणून तो इथे सोडू नका.

जोडणीला लागणारी ऊर्जा कुठून येते, तिथून सुरुवात करू. पेशीत सुटा असलेला न्यूक्लिओटाइड, म्हणजे बेससकट साखळीचा एक दुवा, तीन फॉस्फेट घेऊन येतो. साखळीत बसताना त्यातले दोन तुटतात आणि त्या तुटण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जोड पक्का होतो. म्हणजे प्रत्येक नवा न्यूक्लिओटाइड आपल्या जोडणीची ऊर्जा स्वतःबरोबर आणतो.

पॉलिमरेज चुकतंसुद्धा. साधारण लाखात एखादा बेस चुकीचा बसतो. तेव्हा ते थबकतं, नुकताच बसवलेला बेस छाटतं आणि बरोबर तो बसवतं. छाटल्यावर काम अडत नाही, कारण पुढचा न्यूक्लिओटाइड स्वतःचे तीन फॉस्फेट घेऊनच येणार असतो.

आता मुलीच्या मनातलं उलटं पॉलिमरेज घ्या. ते साखळी पाच प्राइम टोकाकडून वाढवणार. तसं करायचं तर ते तीन फॉस्फेट वाढत्या साखळीच्या टोकावरच असायला हवेत. शेवटचा बेस चुकला म्हणून छाटला, की त्याच्याबरोबर तेही गेले. उरलेल्या टोकावर एकच फॉस्फेट राहतो, त्यातून ऊर्जा मिळत नाही, पुढची जोडणी बंद. चूक सुधारली तर साखळी अडते, साखळी चालू ठेवली तर चूक तशीच राहते. तुकडे करून सांधणं लांबचा रस्ता वाटतो खरा, पण त्यात प्रत्येक बेस तपासता येतो. उलटं पॉलिमरेज का नाही, याचं सहसा हेच स्पष्टीकरण दिलं जातं आणि मला ते पूर्ण पटतं.

या तुकड्यांना ओकाझाकींचं नाव आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेईजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पतिपत्नींनी जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे माग काढता येईल असा टी बेसचा घटक, दिलं. नव्याने बनलेला डीएनए हजार-दोन हजार बेसच्या छोट्या तुकड्यांत सापडला. हे १९६८ साली प्रसिद्ध झालं. रेईजी मूळचे हिरोशिमाचे. १९४५ च्या अणुबॉम्बचा किरणोत्सर्ग त्यांना भोवला आणि १९७५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. त्सुनेकोबाईंनी काम पुढे चालू ठेवलं. शेवटी या तुकड्यांची सुरुवात आरएनएच्या छोट्या प्रायमरपासून, म्हणजे नंतर काढून टाकल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यापासून, होते, हेही सिद्ध झालं. मुलीला हे जरूर सांगा. पुस्तकातल्या एका नावामागे दोन माणसं आहेत.

आणखी एक करून बघा. दोन पदरी सुंभाचं एक टोक खिळ्याला घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाचे पदर ओढून वेगळे करत चला. पुढचा पीळ आवळत जातो आणि शेवटी ओढवतच नाही. डीएनएचा एक वेढा सुमारे दहा बेसजोड्यांचा. जिवाणूत सेकंदाला हजारेक बेसची नक्कल होते, म्हणजे शंभर वेढे सोडवायचे. तो ताण टोपोआयसोमरेज घालवतं. ते साखळी कापतं, पीळ मोकळा होऊ देतं आणि पुन्हा जोडतं. बारावीला त्याचा उल्लेख जाता जाता येतो, पण त्याच्याशिवाय हेलिकेज पुढे सरकूच शकणार नाही.

कलमवाला (वेंगुर्ले)

कलमाचं मी सांगतो, आमची नर्सरी आहे. कोयकलमात खाली रायवळचं रोप, वर हापूसची काडी. दोघांच्या पेशी वाढून सांधा भरतो, पण प्रत्येक पेशी आपापल्याच डीएनएची नक्कल करते. सांध्याच्या खालचं झाड रायवळच राहतं, वरचं हापूसच. काडीत परागाचा संबंध येत नाही. कोयीत मात्र निम्मा डीएनए मोहोरावर आलेल्या परागाचा असतो, आणि तो कुठल्या झाडाचा ते कोण सांगणार? आमचे आजोबा म्हणायचे, कोय रुजवलास तर झाड होतला, पण हापूस होतलोच असा नाय.

बिघाड होतच नाही असं नाही. एखाद्या फांदीची फळं वेगळी निघतात. म्हणून चांगली नर्सरी खात्रीच्या मातृवृक्षाचीच काडी घेते. सासऱ्यांनीही झाड पारखूनच काडी घेतली असणार.

कातळावरची

दोघांचे मनापासून आभार. पडवीत सुंभ ओढून झालं, पीळ खरंच आवळतो. आता ती विचारतेय, अगदी टोकाच्या तुकड्याचा प्रायमर काढला की तिथली जागा कोण भरतं?

जीवशास्त्र_रत्नागिरी

जिवाणूचा डीएनए बहुधा गोल असतो, त्यामुळे त्याला टोकच नाही. आपल्या गुणसूत्रांना आहे, आणि तिथली जागा रिकामीच राहते. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत दर विभाजनाला टोक थोडं आखूड होतं. टोकाला टीटीएजीजीजी हीच अक्षरं हजारो वेळा आलेली असतात, म्हणून झीज आधी तिथे होते आणि जनुकं वाचतात. टेलोमरेज नावाचं एन्झाइम ही झीज भरून काढतं. ही टोकं गुणसूत्रांना कशी जपतात ते आणि हे एन्झाइम शोधल्याबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं. झाडांच्या वाढत्या शेंड्यांत टेलोमरेज काम करत असतं, आणि कलमाची काडी घेतात ती शेंड्याचीच.