सर्किटच्या आकृत्या काढायला नवशिक्याला झेपेल असं सॉफ्टवेअर सुचवा

नमस्कार मंडळी,

आठवी-नववीच्या मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा छंदवर्ग घेतो. सर्किटच्या आकृत्या आजवर आलेखाच्या कागदावर पट्टी-पेन्सिलीने काढून झेरॉक्स वाटत आलोय. त्यात दोन त्रास आहेत. एक रेझिस्टर बदलला तरी अख्खी आकृती पुन्हा काढावी लागते. आणि झेरॉक्सची झेरॉक्स निघाली की जोडाचा ठिपका कुठला आणि नुसती वरून जाणारी तार कुठली, हे कळेनासं होतं.

सध्या टाकी भरल्यावर वाजणारा गजर चालू आहे. पाणी दोन तारांना टेकलं की बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि ५५५ ही टायमरची आयसी (चिप) छोट्या स्पीकरवर आवाज काढते. आकृतीत २ आणि ६ नंबरच्या पिना जोडणारी तार ३ नंबरच्या तारेला ओलांडून जाते. एका गटाने नेमका तिथेच सोल्डर मारला. गजर काही धड वाजेना, आणि पोरं दोन तास ट्रान्झिस्टरला दोष देत बसली!

मला हवंय ते इतकंच: नेटकी, काळी-पांढरी, ए४ वर स्वच्छ छापली जाणारी आकृती. पीसीबी (सुटे भाग बसवायची छापील पाटी) आत्ता नको, पुढेमागे लागेल. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा, विंडोज १०. वर्गात इंटरनेट असेलच असं नाही. फुकट असेल तर उत्तम. ईगल, फ्रिट्झिंग, किकॅड, प्रोटिअस अशी नावं ऐकून आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

सर, ईगल यादीतून काढाच. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये ते विकत घेतलं आणि ७ जून २०२६ नंतर बंद करणार असं जाहीरही केलं. आता नव्याने शिकण्यात अर्थ नाही. प्रोटिअस आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सर्रास दिसतं, पण ते विकतचं आहे. कुणी पेनड्राइव्हवर "फुल व्हर्जन" आणून दिलं तर घेऊ नका, एवढंच म्हणतो.

फ्रिट्झिंगमध्ये ब्रेडबोर्डचं (सोल्डर न मारता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीचं) चित्र फार सुरेख येतं, कुठल्या भोकात काय खोचायचं ते मुलांना दिसतं. मात्र अधिकृत डाउनलोडला थोडे पैसे पडतात, आणि त्यातली स्किमॅटिकची, म्हणजे चिन्हांच्या आकृतीची, बाजू मला कधीच आवडली नाही. तारा सरळ करण्यातच वेळ जातो.

तुम्हाला किकॅड घ्या. ग्रेनोबलच्या झाँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केलं, पुढे सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने हातभार लावला. पूर्ण मोफत आहे आणि नेटशिवाय चालतं. डाउनलोड मात्र एक जीबीच्या पुढे जातं, तेव्हा घरच्या वायफायवर करून ठेवा.

प्रतिसाद

किकॅड बरोबर, पण पहिल्यांदा उघडलं की माणूस बिचकतो. त्यातलं फक्त स्किमॅटिक एडिटर उघडा, बाकीच्या बटणांकडे वर्षभर बघू नका.

चार कळा पुरतात. ए दाबून सुटा भाग घ्यायचा, डब्ल्यूने तार ओढायची, आरने भाग फिरवायचा, पीने सप्लाय आणि ग्राउंड. पहिल्यांदा ए दाबल्यावर जुना लॅपटॉप जरा वेळ घेईल, सगळी लायब्ररी (तयार चिन्हांचा साठा) वाचत असतो. शोधात एनई५५५ टाका, बीसी५४७ सुद्धा तयार मिळतो. रेझिस्टर घेताना नुसता "आर" घेतलात तर चौकोनी डबी येते. आपल्या मुलांना नागमोडी रेघ ओळखीची, त्यासाठी "आर_यूएस" घ्या.

तार पिनेला लागली की नाही हे नीट बघायला शिका. पिनेच्या टोकाला बारीक गोल दिसतो, जोड झाला की तो नाहीसा होतो. गोल दिसतोय म्हणजे तार नुसती शेजारी टेकलेली आहे. ग्रिड (मागची ठिपक्यांची जाळी) ५० मिलवरच ठेवा, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ती बदललीत की हा घोळ हमखास होतो.

तुमच्या ठिपक्याचं दुखणंही इथे मिटतं. स्किमॅटिक सेटअपमधल्या फॉरमॅटिंगमध्ये जोडाच्या ठिपक्याचा आकार वाढवता येतो, सगळ्यात मोठा करा. आणि एका बिंदूपाशी चारही बाजूंनी तारा आणूच नका. टी आकाराचे दोन जोड थोडे पुढेमागे घ्या. मग ठिपका पुसला तरी जोड कळतो. छापायला प्लॉटमधून काळी-पांढरी पीडीएफ काढा, भोवतीच्या चौकटीच्या पर्यायापुढची टिक काढून टाकली की पान मोकळं दिसतं.

प्रतिसाद

आकृती नुसती बघून मुलांना करंट कुठून जातो ते कळत नाही, म्हणून जोडीला फालस्टॅडचा सिम्युलेटर (सर्किट पडद्यावर चालवून दाखवणारा प्रोग्राम) दाखवा. ब्राउझरमध्ये चालतो. तारांतून पिवळे ठिपके पळतात, धन व्होल्टेज हिरवं आणि ऋण लाल. ५५५ चं तयार उदाहरण आहे, रेझिस्टर बदलला की फरक लगेच दिसतो. नेट असेल त्या दिवशी टिंकरकॅड ही सर्किट जुळवायची वेबसाइटही चालेल. शिक्षकाने वर्गाचा कोड दिला की मुलांना ईमेलची गरज नसते.

एलटीस्पाइस हा दुसरा सिम्युलेटर इतक्यात नको. उत्तम आहे, फुकट आहे, पण त्यात १ मेगओहमला नुसतं एम लिहिलं की तो मिली, म्हणजे हजारावा भाग, समजतो. आठवीच्या पोरांना कुठे समजावणार!

आणि आगाऊपणा वाटेल, पण मुलांना आधी हातानेच काढू द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. किकॅड टाकलं, गजराची आकृती झाली. ठिपके आता चष्म्याशिवाय दिसतात! दोन शंका उरल्या. ईआरसी (जोडांतल्या चुका शोधणारी किकॅडची) तपासणी ५५५ च्या ८ आणि १ नंबर पिनेवर चूक दाखवते, सप्लाय मिळत नाही म्हणते. बॅटरी तर जोडली आहे. शिवाय चिन्हातल्या पिना खऱ्या आयसीच्या क्रमाने नाहीत, मुलं गोंधळतील.

प्रतिसाद

चूक तुमची नाही. बॅटरीच्या चिन्हाच्या पिना किकॅडला सप्लायच्या वाटत नाहीत. पी दाबून "पीडब्ल्यूआर_फ्लॅग" घ्या, एक धन तारेला आणि एक ग्राउंडला लावा. तक्रार जाईल. त्याने सर्किटमध्ये काहीच बदलत नाही.

पिनांचा क्रम तसाच राहू द्या. स्किमॅटिकमध्ये पिना कामाप्रमाणे मांडतात, म्हणून तारा कमी ओलांडतात. कोपऱ्यात आठ पायांच्या आयसीचं छोटं चित्र काढा, खाच वर आणि खाचेच्या डावीकडे १ नंबर, म्हणजे दोन्ही ताडून बघता येईल. "टाकी", "स्पीकर" अशी नावं मराठीत हवी असतील तर आवृत्ती ७ पासून मजकुराला संगणकावरचा फाँट लावता येतो. विंडोजमधला निर्मला हा फाँट लावून एक पान छापून बघा आणि कसं आलं ते इथे कळवा.