विद्यार्थी म्हणजे पुरातत्त्वाचे फुकटचे हमाल?

ऐरोलीकर :
कोपरीकरांनी काल लिहिलं, ‘मोहिमेत विद्यार्थी फुकटचे हमाल, संशोधक फक्त सर.’ झोंबलं मला. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं, डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिथल्या मातीत तयार झाल्या. राखेचा थर कुठे संपतो, ते फळ्यावर कळत नाही. खापरं धुवून त्यांवर नंबर घालताना हाताला कळतं.

कोपरीकर :
इनामगाव नका सांगू, माझं ऐका. एम.ए.ला असताना पावणेदोनशे खापरांची चित्रं काढली. ठाण्याहून पहाटेची गाडी, भाडं पदरचं. अहवालात काय छापलं? ‘विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले.’ मग काय म्हणू स्वतःला?

घोडबंदर_रोड :
नाव यायलाच हवं होतं. पण म्हणून पोरांना बाहेर ठेवायचं? उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, पायी सर्वेक्षणाला माणसं लागतात. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने मुंबई-ठाण्याचं साष्टी बेट धुंडाळलं ते विद्यार्थ्यांना घेऊनच.

सानपाड्याची_सून :
माणसं लागतात, तशी समजही लागते. माझं माहेर भिवंडीकडचं. गावात गधेगळ आहे, म्हणजे दिलेलं दान मोडणाऱ्याला शाप देणारा जुना कोरीव दगड; वर चंद्रसूर्य, खाली ते शापाचं गाढव. आजी दर अमावास्येला शेंदूर लावायची. कॉलेजची मुलं आली आणि अक्षरं दिसावीत म्हणून तारेच्या ब्रशने सगळा शेंदूर खरवडला. आजी दोन दिवस जेवली नाही.

ऐरोलीकर :
ताई, वाईटच झालं. पण शेंदराखाली लेख असेल तर वाचायचाच नाही? कोकणच्या शिलाहार राजांनी जमीन कुणाला दिली, ते असल्याच दगडांवर आहे.

सानपाड्याची_सून :
वाचा ना! आधी घरी येऊन विचारा. शेंदूर का लावतात, कधीपासून, कोण लावतं, हे मानवशास्त्र नाही का? आजीने स्वतः तेल लावून शेंदूर सैल करून दिला असता. एकानेही तिच्याशी शब्द काढला नाही.

घोडबंदर_रोड :
दगडाला तारेचा ब्रश? सोबत कुणी शिक्षक नव्हते?

सानपाड्याची_सून :
मुलांना सोडून पुढच्या गावी गेले होते.

कोपरीकर :
कालपासून मी दुसरं काय सांगतोय? बिघडलं की मुलांनी, सापडलं की सरांना.

ऐरोलीकर :
बरं, एवढ्यापुरतं मान्य. शिक्षकाने सोबत राहावं, नाव छापावं. पण ‘हमाल’ मागे घ्या. ती पावणेदोनशे खापरं फुकट गेली का तुमची?

कोपरीकर :
नाही गेली. जोर्वेचं, म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांचं, खापर आजही टिचकीच्या आवाजावरून ओळखतो. शब्द मात्र अहवालात नाव येईल तेव्हा मागे घेईन.