स्वतंत्र काम सुरू केलंय, व्यावसायिक ओळखी कशा वाढवाव्यात?

कागदघडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नोकरीत पॅकेजिंग डिझाइन केलं, आता स्वतंत्रपणे काम करतेय. खोकी, लेबलं, पाऊच यांवर हात बसलेला आहे. पण नोकरीत काम समोर येऊन पडायचं, आता ते आणायचं कसं इथे गाडं अडलंय.

बीएनआयसारख्या, एकमेकांना काम सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या गटात जावं, रोटरीत जावं की आपल्या व्यवसायाच्या संघटनेत? अनोळखी माणसाला पहिला निरोप कसा लिहावा? कार्यक्रमात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की माझं बोलणं अडखळतं, त्यावर काय करावं? आणि सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, कामापुरती आठवण काढणारी बाई असं मला कुणाच्या लेखी व्हायचं नाहीये. ते कसं टाळता येईल?

सावकाश_चाल

ताई, नवी माणसं शोधायच्या आधी जुनी यादी काढा. कधीतरी सोबत काम केलेले आणि आता दुसरीकडे गेलेले सहकारी, फायलींवरून ज्यांच्याशी रोज बोलणं व्हायचं ते छापखान्यातले लोक, खोकी बनवणारे, साचे कापणारे. या मंडळींशी रोजचा संबंध उरलेला नसतो, म्हणून आपण त्यांना धरत नाही. उपयोग मात्र त्यांचाच जास्त होतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ही जागा कुणाकडून कळली. त्याचा लेख १९७३ चा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लांबचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, त्याच्या कानावर वेगळ्या गोष्टी येतात. पुढे लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थोडी बारीक दुरुस्ती निघाली. अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम ओळख, म्हणजे दोघांच्या सामाईक ओळखीची काही माणसं आहेत अशी, नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडते. दोन्ही अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, पण काम मिळवण्यातही मला हेच दिसत आलंय.

म्हणून सुरुवात त्या छापखान्यापासून करा. ग्राहक डिझायनरकडे यायच्या आधी कितीतरी वेळा छापखान्यात दर विचारायला गेलेला असतो.

दुसरी_पाळी

वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट आधी बघा. नोकरीचा करार काढून नीट वाचा. जुन्या कंपनीच्या ग्राहकांकडे ठरावीक मुदतीपर्यंत जायचं नाही, असं कलम असू शकतं. जुन्या सहकाऱ्याला खुशाल भेटा, पण त्याच्याकडून कंपनीच्या ग्राहकांची यादी घेऊ नका. तुमच्यावरचा आणि त्याच्यावरचा, दोघांवरचा विश्वास त्यात जातो.

नोंदवही

गटांबद्दल सांगते.

बीएनआय १९८५ साली आयव्हन मिस्नर यांनी सुरू केलं. एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, बैठक दर आठवड्याला असते आणि हजेरीबाबत ते कडक असतात. एकमेकांना काम सुचवायचं हाच उघड हेतू, त्यामुळे तिथे काम मागायला संकोच वाटत नाही. पण शाखेतले बाकीचे सदस्य कोण आहेत ते आधी बघा. तुमचा ग्राहक म्हणजे वस्तू बनवणारी कंपनी. शाखेत सगळे घरगुती ग्राहकांना सेवा देणारे असतील, तर माणसं कितीही भली असली तरी ती तुम्हाला कुणाकडे पाठवणार? आधी पाहुणी म्हणून जाऊन या.

रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोला पॉल हॅरिस या वकिलाने केली, तेव्हा व्यावसायिकांचा स्नेह वाढवणं हाच विचार होता. आळीपाळीने, म्हणजे 'रोटेशन'ने, एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, म्हणून ते नाव पडलं. आज मात्र सेवाकार्य हाच तिथला गाभा आहे. त्याची मनापासून आवड असेल तर जरूर जा. निव्वळ कामासाठी गेलात तर ते लोकांना लगेच कळतं, आणि तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय.

मी तुमच्या जागी असते तर व्यवसायाची संघटना निवडली असती, आणि नुसतं सभासद न होता एखादं कंटाळवाणं काम अंगावर घेतलं असतं. वक्त्यांशी पत्रव्यवहार, नावनोंदणी असं काहीतरी. सोबत काम करताना माणूस वेळ पाळतो का, कबूल केलेलं करतो का, हे आपोआप दिसतं. स्वतःबद्दल सांगत बसावं लागत नाही.

कामापुरती आठवण काढण्याबद्दल माझं ठाम मत आहे. दर महिन्याला "कसे आहात?" पाठवून नातं टिकत नाही. कुणी तुम्हाला एखादं नाव सुचवलं, तर पुढे काय झालं ते त्याला कळवा. काम मिळालं नाही तरी कळवा. बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि सुचवणारा बिचारा विचार करत राहतो. भेटीनंतर मी त्याच दिवशी लिहून ठेवते की समोरच्याने कोणती अडचण सांगितली आणि मी काय पाठवायचं कबूल केलं. ते दोन दिवसांत पाठवते. पुढे त्याच्या अडचणीशी संबंधित काही वाचनात आलं की ते पाठवायला वेगळं निमित्त लागत नाही.

अजून एक. दोन माणसांची गाठ घालून देताना आधी दोघांनाही स्वतंत्रपणे विचारा. न विचारता नंबर देऊन मोकळं होणारे लोक ओळख जोडतात कमी आणि तोडतात जास्त.

मितभाषी

बोलण्यासाठी टोस्टमास्टर्स, म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करायचे क्लब. १९२४ पासून चालू आहे, राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेलं. पाच ते सात मिनिटांचं तयारीचं भाषण असतं. आयत्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलण्याचा भाग वेगळा, तुम्हाला तोच जास्त कामाचा. बोलताना किती वेळा "अं…" केलं ते मोजणारा सदस्यही असतो. सुरुवातीला नको वाटतं, मग सवय होते.

आणि ओळख करून देताना हुद्दा सांगू नका, काम सांगा. "मी पॅकेजिंग डिझायनर आहे" म्हटल्यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय संपतो. "वाहतुकीत चेपणारी आणि दुकानात न वाचता येणारी खोकी मी सुधारून देते" म्हटलंत तर तो त्याच्या खोक्यांबद्दल बोलायला लागतो. मग तुम्ही ऐका. मितभाषी माणसांचं इथे जमतं, कारण आपल्याला मध्ये तोंड घालायची घाई नसते.

कागदघडी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! यादी करायला बसले आहे. पहिल्या निरोपाचा मसुदा टाकते, तपासा:

"आदरणीय महोदय, मी अनुभवी पॅकेजिंग डिझायनर असून लेबल, खोकी, पाऊच अशा सर्व सेवा पुरवते. आपल्यासोबत काम करण्याची संधी मिळाल्यास आनंद होईल. माहितीपत्रक जोडले आहे. कृपया कॉलसाठी वेळ द्यावा."

नोंदवही

ताई, हा निरोप कुणालाही पाठवता येईल, म्हणून कुणालाच तो आपला वाटणार नाही. त्यांची एखादी वस्तू हातात घ्या आणि तिच्याबद्दल लिहा. समजा हँडवॉशचा पाऊच आहे:

"नमस्कार. तुमच्या हँडवॉशचा रिफिल पाऊच उभा केला की वापराच्या सूचनांच्या शेवटच्या ओळी खालच्या घडीत जातात. मी पॅकेजिंग डिझाइन करते, अशा पाऊचवर बरीच वर्षं काम केलंय. सूचना वर सरकवून एक आराखडा पाठवला तर बघाल का? हा विषय दुसरं कुणी बघत असेल तर त्यांचं नाव कळवलंत तरी चालेल."

दुसरी_पाळी

बाकी उत्तम, पण आराखडा फुकट कशाला? हे तिचं पोटापाण्याचं काम आहे.

कागदघडी

मलाही तोच प्रश्न पडला. शिवाय चूक काढल्यासारखं वाटणार नाही ना?

नोंदवही

दोन्ही मुद्दे बरोबर. आराखड्याचं वाक्य काढा. त्याऐवजी "हे छपाईचा खर्च न वाढवता कसं सुधारता येईल, याबद्दल दहा मिनिटं बोलता येईल का?" असं लिहा, अर्थात खर्च खरंच वाढणार नसेल तरच. आणि त्या पाऊचमधलं काही खरोखर आवडलं असेल तर ते आधी लिहा. काही आवडलं नसेल तर उगाच कौतुक नको, दुसरी कंपनी निवडा.

मितभाषी

उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने एकदा आठवण करा, दोन ओळीत. त्यानंतर त्यांना सोडून द्या आणि यादीतलं पुढचं नाव घ्या.