भात पिकायच्या आधीच दाणे गळतायत, लवकर सांगा

घोडबंदरवाला: घाईत लिहितोय. शेतावर गेलो तर लोंबीला हात लावताच दाणे खाली. कापणीला अजून वेळ आहे. कोणतं औषध मारू?

आवणकरीण: कुठलं शेत? कुठली जात? घोडबंदरला आता टॉवर पिकतात, भात नाही.

घोडबंदरवाला: राहतो घोडबंदरला, शेत मुरबाडला. कर्जत-३. औषधाचं नाव सांगा ना.

कोलमप्रेमी: वाऱ्याने गळतो. लवकर कापून मोकळे व्हा. आमच्याकडे तसंच करतात.

चिकित्सक_ऐरोली: थांबा. सगळीच रोपं गळतायत की ठरावीक? कुसळ आहे का? दाणा सोलून पाहिलात?

घोडबंदरवाला: ठरावीकच. बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, कुसळ लांब, तूस काळपट. आत तांदूळ लाल. त्याने काय फरक पडतो?

चिकित्सक_ऐरोली: सगळा फरक त्यानेच पडतो. हा भेसळीचा जंगली भात, औषधाने थांबायचा नाही. दाणा जिथे देठाला चिकटलेला असतो तिथे पेशींचा एक थर तयार होतो. तो पुरा झाला की दाणा आपोआप सुटतो. जंगली भाताला ते हवंच, नाहीतर बी पसरणार कसं? माणसाने मात्र लोंबीत टिकलेलेच दाणे घरी नेले आणि पेरले. ४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एसएच४ नावाचं जनुक आहे, त्यातल्या एका बदलाने हा थर अर्धवट राहतो. हे २००६ साली उलगडलं. अर्धवट राहतो म्हणूनच भात झोडून दाणे निघतात.

उलटतपासणी: एकट्या एसएच४वर सगळं ढकलू नका. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी १ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं क्यूएसएच१ दाखवलं. तिथला बदल जनुकाच्या आत नाहीच, डीएनएची सुमारे १२ हजार अक्षरं अलीकडे, एकाच अक्षराचा. आणि अमेरिकेतल्या तणभातात लागवडीच्या भाताचंच एसएच४ सापडलं, तरी तो गळतो!

चिकित्सक_ऐरोली: गळण्यामागे अनेक जनुकं आहेत, कबूल. पण मुरबाडात अमेरिका कशाला? शेजारच्या डबक्यात देवभात, म्हणजे आपोआप उगवणारा जंगली भात आहे का, ते आधी बघा.

सातूवाला: सातूचं (जवाचं) तर आणखी मजेशीर. बीटीआर१ आणि बीटीआर२ ही दोन्ही जनुकं शाबूत असतील तरच कणीस तुटतं. पहिलं जनुक बिघडलेला वाण दुसरं बिघडलेल्या वाणाशी संकरित करा, पुन्हा तुटकं कणीस!

आवणकरीण: सातू कोणी विचारला?

कोलमप्रेमी: बी मिठाच्या पाण्यात टाका, भेसळ वर तरंगते.

आवणकरीण: तरंगतं ते पोचट. जंगली दाणा भरलेला असतो, तो तळाशीच बसणार.

घोडबंदरवाला: अहो, आत्ता काय करू ते सांगा!

आवणकरीण: कुसळवाल्या लोंब्या आधी पिशवीत धरून कापा, मग रोप उपटा. नुसतं उपटलंत तर हिसक्यासरशी सगळं बी खाचरात. बांधावरही टाकू नका. यंदाचं बी पुढच्या वर्षी वापरायचं नाही. पडलेलं बी मातीत बरीच वर्षं झोपून राहतं, म्हणून पहिल्या पावसात जे उगवेल ते चिखलणीत गाडा, मग ओळीने लावणी करा. ओळीबाहेरचं रोप दिसलं की काढायचं. पेरभात अजिबात नको.

कोलमप्रेमी: मीही लवकर कापा म्हटलंच होतं.

नौपाडेकर_काकू: त्या लोंब्या फेकू नका हो, ऋषिपंचमीला देवभात शोधून दमायला होतं. मला द्याल का?

घोडबंदरवाला: काकू, या आणि कापूनच न्या.